त्या बोटीत मोरी कुठं असते?

माझगाव डॉकमध्ये बांधलेली कलवरी वर्गातली पाणबुडी साडेसदुसष्ट मीटर लांब आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने साडेपाचशेहून अधिक संख्येने समुद्रात सोडलेली ‘टाइप सात-सी’ ६७.१ मीटर लांब होती. दोघींत जेमतेम हातभराचा फरक. माणसंही जवळपास तेवढीच, चाळीस ते पन्नासच्या दरम्यान. खरा फरक पोटात आहे. कलवरीची रुंदी ६.२ मीटर, जर्मन बोटीत माणसं ज्या आतल्या कवचात राहायची त्याची रुंदी फक्त ४.७ मीटर होती. त्यातच डिझेल इंजिनं, विजेच्या मोटारी, टनावारी बॅटऱ्या, टॉर्पेडो आणि नळ्यांचं जंजाळ. या सगळ्यातून जी जागा उरायची तिला खलाशांनी घर म्हणायचं, आणि तेही दोन-दोन, तीन-तीन महिने.

२०१७ मध्ये कलवरी नौदलात आली. तिच्यामागून खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि २०२५ च्या जानेवारीत वाघशीर. सहाही माझगावच्या. डॉकयार्ड रोडला हार्बर लाइनची गाडी धरली की गुरू तेग बहादूर नगरला उतरून अँटॉप हिलला चालत जाता येतं. या लेखाचा विषय तिथे सापडला. अँटॉप हिलच्या पोरांना माझगावच्या पाणबुडीत पाऊल टाकता येत नाही, ती लष्करी गुपितं आहेत. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या जर्मन पाणबुडीत ती रोज रात्री उतरतात. ‘सायलेंट हंटर’, ‘यू-बोट’, ‘वुल्फपॅक’ अशा संगणकावरच्या खेळांतून. त्या खेळांत जहाजं, तोफा, टॉर्पेडोचे कोन, पाण्याचा दाब सगळं अगदी खऱ्यासारखं असतं. माणसं कशी राहायची, कुठे अंघोळ करायची, कुठे शौचाला जायची, घाण कोण काढायचं, हे खरं असतं का, एवढं मला पाहायचं होतं.

संगम नगरमधल्या एका घरी मी गेले. खाली दहा बाय बाराची खोली, वर लोखंडी शिडीचा पोटमाळा. पोटमाळ्यावर उभं राहता येत नाही, बसूनच वावरायचं. तिथे जुना, जोडजुळवणी केलेला संगणक आणि त्याच्यासमोर तीन मुलं, तिघंही अभियांत्रिकीची. ‘यू-बोट’ चालू होतं. पोलंडच्या डीप वॉटर स्टुडिओचा हा खेळ २०१९ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि २०२४ मध्ये पूर्ण झाला. त्यात पाणबुडी उभी चिरल्यासारखी दिसते आणि आतली माणसं एकेका कप्प्यात हालचाल करताना दिसतात. कुणी झोपलेला, कुणी स्वयंपाकघरात, कुणी इंजिनाजवळ. वर विनाशिका घिरट्या घालत होती. मुलांनी दिवे मंद केले होते, पंखे बंद केले होते, हवा किती उरली आहे यावर तिघांचे डोळे.

खालून आवाज आला, “अरे, पाणी आलंय. पिंप भरून घे आधी.”

“आई, दोन मिनिटं. डिस्ट्रॉयर डोक्यावर आहे.”

“नळ तुझ्या डिस्ट्रॉयरसाठी थांबणार आहे का?”

एक जण उतरला, पिंपात पाइप सोडून परत वर आला. थोड्या वेळाने त्याची आई चहा घेऊन शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिली, पडद्याकडे तिने नीट पाहिलं आणि मला विचारलं, “ताई, त्या बोटीत मोरी कुठं असते?”

मुलांनी बोट उलटसुलट फिरवून पाहिली. स्वयंपाकघर सापडलं, कप्तानाचा पडदा लावलेला कोपरा सापडला, टॉर्पेडोवरचे बिछाने सापडले. मोरीबद्दल कुणाला काही सांगता येईना. त्यातल्या एकाने प्रामाणिकपणे म्हटलं, “मॅडम, ते कधी लागलंच नाही.”

लागलंच नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या खेळांत जे लागतं ते मोजलेलं असतं. ‘सायलेंट हंटर’ मालिकेतला तिसरा भाग २००५ चा, युबीसॉफ्टच्या बुखारेस्टमधल्या मंडळींनी केलेला. पाणबुडीच्या खेळांचे शौकीन आजही त्याचं नाव आदराने घेतात. त्यात खलाशी थकतात. थकलेल्यांना विश्रांतीच्या कप्प्यात हलवावं लागतं आणि ताज्यांना कामाला लावावं लागतं. २०१० च्या पाचव्या भागात खेळणारा आपल्या पायांनी बोटीत फिरतो, खलाशांशी बोलतो, त्यांचं मनोधैर्य सांभाळतो. ‘यू-बोट’मध्ये अन्न आहे, हवा आहे, वीज आहे, शिस्तही मोजली जाते. ‘वुल्फपॅक’मध्ये तर चार-पाच जण मिळून एकच बोट चालवतात, एक पेरिस्कोपला, एक पाण्याखालचे आवाज ऐकणारा, एक टॉर्पेडोचं गणित करणारा. या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. कवच कुरकुरतं तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो.

पण घाण कशाने होते? दिवसांनी. एका दिवसात कुठलीही बोट घाण होत नाही. आणि खेळ नेमके दिवसच गाळतात. ‘सायलेंट हंटर’च्या तिसऱ्या भागात काळ १,०२४ पटीने पुढे पळवता येतो. चोवीस तास दीड मिनिटाच्या आत संपतात. आठ आठवड्यांची गस्त ऐंशी मिनिटांत आटोपते. त्या ऐंशी मिनिटांत पावाला बुरशी चढत नाही, अंगावरचा सदरा कुबट होत नाही, तळाला साचलेल्या पाण्याला वास मारत नाही. खेळणाऱ्याच्या वाट्याला फक्त हल्ले येतात आणि हल्ल्यांच्या मधलं सगळं जगणं उडून जातं. खऱ्या खलाशाचं उलट होतं. त्याच्या वाट्याला मधलं जगणंच जास्त यायचं.

ते कसं होतं हे पुष्कळ नोंदलेलं आहे. लोथार-गुंथर बुखहाइम हा लेखक-चित्रकार १९४१ मध्ये ‘यू-९६’वर युद्धवार्ताहर म्हणून गेला होता. त्याने आतली हजारो छायाचित्रं काढली, पुढे १९७३ मध्ये कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून वोल्फगांग पीटरसनने १९८१ मध्ये ‘दास बूट’ हा चित्रपट काढला. दाढी वाढलेले, रया गेलेले, तेलकट चेहऱ्यांचे खलाशी जगाने तिथे पाहिले. नंतरच्या सगळ्या खेळांनी हा चेहरामोहरा उचलला. भिंतींवर गंजाचे ओघळ, नळ्यांवर तेलाचा थर, टांगलेली मांसाची तंगडी. पण तो रंग झाला. रंग पहिल्या दिवशी तितकाच आणि साठाव्या दिवशीही तितकाच असतो.

बंदरातून निघताना टाइप सात-सीमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पाव जाळ्यांत टांगलेले, बटाटे कोपऱ्यात कोंबलेले, मांस नळ्यांना लटकलेलं. दोन शौचालयं होती, पण स्वयंपाकघराजवळचं शौचालय सुरुवातीचे काही आठवडे कोठार म्हणून अन्नाने भरलेलं असायचं. उरलं एक. चव्वेचाळीस ते पन्नास माणसांना एक. स्वच्छ भारत अभियानाने वस्तीतल्या सामुदायिक शौचालयासाठी घालून दिलेला निकष पस्तीस पुरुषांमागे एक सीट आणि पंचवीस बायकांमागे एक सीट असा आहे. हिटलरच्या आरमाराची सर्वांत नावाजलेली बोट अँटॉप हिलच्या वस्तीसाठी ठरवलेल्या निकषातही बसत नाही. वस्तीत तो निकष प्रत्यक्षात किती पाळला जातो हे सकाळी सात वाजता कोकरी आगारात रांगेला उभ्या राहिलेल्यांना विचारावं. बोटीतला खलाशी ज्या रांगेत उभा असायचा ती त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

बोटीतल्या रांगेला आणखी एक अट होती. शौचालयातलं सांडपाणी हातपंपाने समुद्रात ढकलावं लागायचं. बोट जितकी खोल, तितका बाहेरच्या पाण्याचा दाब जास्त. साधारण पंचवीस मीटरच्या खाली तो पंप चालवताच यायचा नाही. म्हणजे वर शत्रूचं जहाज असेल, बोट दीडशे मीटरवर दडून बसली असेल, तर त्या बारा-चौदा तासांत डबे आणि बादल्या. त्या बादल्या त्याच कोंडलेल्या हवेत, माणसांच्या शेजारी. युद्धाच्या अखेरीस खोल पाण्यातही चालेल असं जास्त दाबाचं शौचालय काही बोटींत बसवलं गेलं. त्याच्या झडपा ठरलेल्या क्रमाने उघडायच्या आणि ठरलेल्या क्रमाने बंद करायच्या, आणि त्यासाठी शिकवलेला माणूस लागायचा.

१४ एप्रिल १९४५. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, पीटरहेडच्या बाजूला ‘यू-१२०६’ साठ मीटरच्या आसपास खोलीवर होती. शौचालयाच्या झडपांत बिघाड झाला आणि समुद्राचं पाणी दाबाने आत घुसलं. चूक नेमकी कुणाची यावर दोन कथा आहेत. एकीत कप्तान कार्ल-आडोल्फ श्लिटने स्वतः घोटाळा केला. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या शौचालयाची दुरुस्ती चालू होती. पाणी खाली बॅटऱ्यांपर्यंत गेलं. बॅटरीतलं आम्ल आणि खारं पाणी एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. बोट वर आणण्यावाचून उपाय उरला नाही. वर येताच ती विमानांना दिसली, हल्ला झाला, आणि शेवटी कप्तानाने बोट सोडून ती बुडवली. चार जण दगावले. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती गंमत वाटत नाही. शौचालय हा त्या यंत्राचा इंजिनाइतकाच धोक्याचा भाग होता आणि तो चालवणाऱ्याच्या हातात पन्नास जीव होते, असं ही दुर्घटना उघड सांगते. ज्या खेळात टॉर्पेडोचा कोन अंशात मोजता येतो, त्यात या झडपांचा क्रमही असायला हवा.

पाण्याचं तर विचारूच नये. गोडं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला. अंघोळ नाही, दाढी नाही, कपडे धुणं नाही. खाऱ्या पाण्यात फेस येणारा साबण मिळायचा, त्याने त्वचा चरचरायची. वास झाकायला कोलोन शहराचं ‘४७११’ हे अत्तर वापरायचे. घाम, डिझेल, उलट्या, तळाचं पाणी, उकडलेला कोबी आणि त्यावर अत्तर. थंड समुद्रात कवचाच्या आतल्या बाजूने बाष्प ओघळायचं, बिछाने कधीच कोरडे व्हायचे नाहीत. पाव ओलीने पांढरे केसाळ व्हायचे. खलाशी त्यांना ससे म्हणायचे. बाहेरची बुरशी खरवडून आतला गाभा खायचा. झोपायला दोघांत एक बिछाना. एक पहाऱ्याला गेला की दुसरा त्याच उबेत शिरायचा. सुमारे चाळीस हजार माणसं या बोटींवर गेली आणि सुमारे तीस हजार परतली नाहीत. ती नाझी राजवटीच्या सेवेत होती, बेसावध व्यापारी जहाजं बुडवत होती, हे विसरून चालणार नाही. हे जगणं खेळातून गाळलं की उरतो तो शूर कप्तान आणि त्याचा नेम, आणि मग हे युद्ध फार देखणं दिसू लागतं. मला त्या देखणेपणाची भीती वाटते.

या बोटींतल्या जगण्याची एक साक्ष आपल्या घरची आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोस कील बंदरातून ‘यू-१८०’मध्ये चढले. बरोबर हैदराबादचे आबिद हसन. ती नेहमीची बोट नव्हती. टाइप नऊ-डी-एक, वेग वाढवण्यासाठी तिच्यात सहा मर्सिडीज-बेन्झ इंजिनं बसवलेली, आणि ती इंजिनं तापायची, धूर ओकायची. आबिद हसन यांनी नंतर जे सांगितलं त्यात युद्धाच्या आधी डिझेल येतं. पावाला डिझेलचा वास, मांसाला डिझेलचा वास, पांघरुणाला डिझेलचा वास. नेताजींच्या पोटात ते अन्न उतरेना. मग हसन यांनी बोटीच्या कोठारात शोधाशोध केली, तांदूळ आणि डाळ मिळाली, अंड्याची भुकटी मिळाली, आणि त्यांनी खिचडी शिजवली. नेताजी ती खिचडी जर्मन अधिकाऱ्यांनाही देऊ लागले तेव्हा हसन यांना साठा संपण्याची धास्ती पडली. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून दोघं जपानच्या ‘आय-२९’वर गेले. तिथे त्यांच्यासाठी खास घेतलेल्या मसाल्यांचं जेवण होतं आणि झोपायला अधिकाऱ्याची खोली. शाळेच्या पुस्तकात या प्रवासाला एक ओळ मिळते, आणि तीही साहसाची. अडीच महिने एकाच वासात काढणं, त्यातच भाषणं आणि योजना लिहून काढणं, आणि एका बाईला किंवा आचाऱ्याला जे रोज सुचतं ते तिथे एका तरुण सेक्रेटरीला सुचणं, हे मला त्या ओळीपेक्षा मोठं वाटतं.

सगळ्याच आरमारांत असं नव्हतं. अमेरिकेच्या गॅटो आणि बलाओ वर्गाच्या पाणबुड्या जवळपास पंचाण्णव मीटर लांब होत्या. त्यांत वातानुकूलन होतं, समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढणारी यंत्रं होती, शॉवर होते, कपडे धुण्याचं यंत्रही असायचं. तरी गोड्या पाण्यावर पहिला हक्क बॅटऱ्यांचा होता. बॅटरीला शुद्ध पाणी लागतं. तिचं भागलं की स्वयंपाकघर, मग माणसाची अंघोळ. ‘सायलेंट हंटर’चा चौथा भाग या प्रशांत महासागरातल्या बोटींवर आहे. आणि आपल्याकडे १९७१ मध्ये विशाखापट्टणमच्या समुद्रात नव्वदहून अधिक माणसांसह बुडाली ती पाकिस्तानची ‘गाझी’ याच घराण्यातली. मूळची अमेरिकी ‘डायाब्लो’, टेंच वर्गातली.

आपल्या पहिल्या पाणबुड्या मात्र दुसऱ्या मुलखातून आल्या. पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला रीगामध्ये नौदलात दाखल झाली. मग १९६८ मध्ये खांदेरी, १९६९ मध्ये करंज आणि कुर्सुरा. खांदेरी हे नाव शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून बांधलेल्या थळच्या समोरच्या बेटाचं, आणि करंज उरणजवळचं. सोव्हिएत ‘फॉक्सट्रॉट’ वर्गातल्या या चौघी ९१ मीटर लांब, सात कप्प्यांच्या, सुमारे पंचाहत्तर माणसांच्या. त्या वर्गाचा मूळ आराखडा थंड समुद्रासाठीचा. उष्ण समुद्रात त्याच वर्गाच्या बोटींचं काय होतं ते सोव्हिएत खलाशांनी क्यूबाच्या पेचप्रसंगात भोगलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये तिकडे गेलेल्या चार फॉक्सट्रॉटपैकी तीन सारगासो समुद्रात अमेरिकी विनाशिकांच्या घेऱ्यात सापडल्या. आत पंचेचाळीस अंशांच्या वर तापमान, कार्बन डायऑक्साइड वाढत चाललेला, पिण्याचं पाणी माणशी ग्लासभर, अंगभर घामोळं. माणसं उभ्या उभ्या कोसळत होती. ‘बी-५९’वर अणुटॉर्पेडो होता. वरून दणके बसत होते, आणि कप्तान सावित्स्की तो सोडण्याच्या विचारापर्यंत आला होता. २७ ऑक्टोबरला बोटीवरच्या वासिली अर्खिपोव या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला आवरलं. जगाच्या इतिहासातला एवढा मोठा निर्णय ज्या डोक्यांनी घेतला ती डोकी त्या हवेत श्वास घेत होती. राहणीमानाचा आणि युद्धाचा संबंध काय, असं विचारणाऱ्याला मी हेच उदाहरण देते.

कुर्सुरा २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून उभी आहे. मी ती आतून पाहिली आहे. गोल दारातून आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय असं कप्प्यामागून कप्प्यात शिरावं लागतं. टॉर्पेडोच्या नळ्यांजवळचा बिछाना हाताने मोजला. माझ्या खांद्यांना पुरला, कोपरांना नाही. रंग ताजा होता, पितळेची चाकं चकचकीत होती, कुठेही वास नव्हता. जर्मनीत लाबोला असलेली ‘यू-९९५’ किंवा शिकागोच्या संग्रहालयातली ‘यू-५०५’ यांची छायाचित्रं पाहिली तरी तोच टापटीपपणा दिसतो. खेळ करणारे संदर्भासाठी अशा बोटींत जातात, नळ्या आणि झडपा मोजतात, आणि ते योग्यच आहे. फक्त ज्या बोटी त्यांना मोजायला मिळतात त्यांतून माणसं कधीच उतरून गेलेली असतात, आणि माणसांबरोबर त्यांची घाणही. कुर्सुरातला माझा वाटाड्या निवृत्त खलाशी होता. गर्दी मागून ढकलत होती, त्याला थांबवून काही विचारायला सवड मिळाली नाही.

घाण कोण काढायचं, या प्रश्नावर मी अजून आलेच नाही आणि तोच सर्वांत अडचणीचा आहे. जर्मन बोटीत जेवण वाढणं, भांडी घासणं, कप्पा पुसणं हे कनिष्ठ खलाशांच्या पाळीवर असायचं. आपल्याकडे रॉयल इंडियन नेव्हीत यासाठी वेगळी जमात करून ठेवली होती. शौचालयं धुणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या खलाशांना ‘टोपास’ म्हणायचे. समाजात जे काम ज्यांच्या माथी मारलेलं होतं, ते जहाजावरही त्यांच्याच माथी आलं. स्वातंत्र्यानंतरही हा शब्द नौदलात रेंगाळला, आणि अलीकडच्या भरतीच्या जाहिरातींत शेफ आणि स्टुअर्डच्या जोडीला ‘हायजिनिस्ट’ अशी जागा असते, काम स्वच्छतेचंच. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी काम बंद केलं ते सुरुवातीला अन्नाच्या आणि वागणुकीच्या तक्रारीवरून. तिथून ते जहाजाजहाजांवर पसरलं, २२ तारखेला गिरणगाव संपावर उतरलं, आणि परळला झालेल्या गोळीबारात कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या. आमटीत काय आहे आणि आपल्याशी कोण कसं बोलतं यावरून साम्राज्याचं आरमार हललं, हे या शहराने पाहिलेलं आहे. ‘शिस्त’ नावाचा आकडा खेळात वरखाली होतो तेव्हा मला हे आठवतं. आकडा का घसरला, कुणाच्या ताटात काय पडलं, कुणाला कुठलं काम दिलं, हे विचारण्याची सोय तिथे हवी होती.

गिरणगावाने तर बोटीवाचूनही ते जगणं काढलं आहे. लालबाग-परळच्या गाळ्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले पंधरा-वीस बापये एका खोलीत राहायचे. तीन पाळ्या चालायच्या, म्हणून एक अंथरूण तिघांना पुरायचं. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा. ट्रंका भिंतीला, कपडे दोरीला, पाणी पहाटेला, संडास मजल्याच्या टोकाला. जेवण खानावळवालीकडे. या खोल्यांत स्वच्छता टिकायची ती नियमांवर. पिंपाला खरकटा हात लावायचा नाही, मोरीत कोण कधी जाईल हे ठरलेलं, खोली झाडण्याची पाळी ठरलेली, आणि नियम मोडणाऱ्याला खोलीतून काढण्याचा अधिकार सगळ्यांना मिळून. संगम नगरच्या त्या आईला पडद्यावरची बोट पाहून पहिला प्रश्न मोरीचा सुचला तो या अनुभवाच्या जोरावर. तिने आयुष्यभर पाण्याचं वेळापत्रक चालवलं आहे. थोड्या जागेत खूप माणसं राहायला लागली की सगळ्यात आधी काय बिघडतं हे तिला ठाऊक आहे, आणि बुखारेस्टमध्ये किंवा पोलंडमध्ये बसून खेळ लिहिणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

मुलांनी नंतर तिच्या प्रश्नावर खरोखर काम सुरू केलं. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी एक तक्ता मांडला. गोडं पाणी किती लिटर, त्यातलं बॅटरीला किती, भाताला किती. खोली पंचवीस मीटरच्या खाली गेली की शौचालय बंद आणि बादली चालू. बादली भरली की हवा बिघडण्याचा वेग वाढणार. कोरडे कपडे संपले की खरूज, खरूज झाली की झोप कमी, झोप कमी झाली की पेरिस्कोपवरचा माणूस चुकणार. आणि काळ पळवण्याचं बटण दाबलं तर पळवलेल्या दिवसांची घाण हिशेबात धरायची. सफाईच्या पाळीत कप्तानाचं नाव घालायचं की नाही यावर तिघांत वाद झाला. एकाचं म्हणणं, कुठल्याच नौदलात कप्तान संडास धुत नाही, खरं ते खरं दाखवायचं. दुसरा म्हणाला, मग कोण धुतो ते नावानिशी दाखवू, म्हणजे खेळणाऱ्याला रोज ते नाव निवडावं लागेल. मला दुसऱ्याचं पटलं.

त्यांना हे टाइप सात-सीवर करायचं नाही. त्यांना १९७१ ची करंज हवी आहे. कमांडर विजयसिंह शेखावत तिचे कप्तान होते. त्या युद्धातल्या गस्तीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले. अरबी समुद्रातला डिसेंबर, पंचाहत्तर माणसं, मुळात थंड समुद्रासाठी आखलेल्या वर्गातली बोट, आणि त्याच दिवसांत, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने ‘खुकरी’ बुडवून १९४ जणांचा जीव घेतलेला. ‘द गाझी अटॅक’ या २०१७ च्या चित्रपटात ‘एस-२१’ ही भारतीय पाणबुडी दिसते, पण तिच्यातले खलाशी दिवस कसा काढायचे ते त्यातून कळत नाही. तांत्रिक आराखडे मिळतील, फॉक्सट्रॉटचे पुष्कळ छापलेले आहेत. जे छापलेलं नाही ते विचारूनच घ्यावं लागेल, आणि १९७१ ला विशीत असलेला खलाशी आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. मुंबईतही असे असतील, कोकणात निवृत्त होऊन गेलेले असतील. वीरचक्राची हकिगत त्यांना सगळे विचारतात. अंघोळीला किती मग पाणी मिळायचं, भात रोज शिजायचा का, फोडणीचा वास किती दिवस बोटीत राहायचा, बिछाना कुणाबरोबर वाटून घेतला, शौचालयाच्या झडपा कुणी शिकवल्या, आणि सफाईची पाळी कुणाकुणावर यायची, हे प्रश्न मुलांनी त्या वहीत उतरवून घेतले आहेत. त्यातला पहिला प्रश्न मोरीचा आहे.